स्प्रिंगस्टीनची बाजूला पडलेली गाणी आणि त्याने आपलीशी केलेली गाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे गाजलेले अल्बम ऐकून झाले, आता त्याची दुर्मीळ गाणी आणि मंचावर त्याने गायलेली इतरांची गाणी ऐकायची आहेत, पण पसारा एवढा मोठा की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. शिवाय तुम्ही हेही विचारलंय की ज्याची स्वतःची इतकी गाणी आहेत त्याला दुसऱ्यांची गाण्याची गरजच काय?

मी पंचवीसएक वर्षं बँडमध्ये गिटार वाजवतोय, आणि त्यातली बरीच वर्षं इतरांचीच गाणी वाजवण्यात गेली. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेतो. तो सुटला की पहिल्याचा अर्धा गुंता आपोआप सुटतो.

सर्वात आधी एक करा. 'दुर्मीळ' आणि 'कव्हर' (म्हणजे दुसऱ्यांची आपल्या पद्धतीने गायलेली गाणी) अशा दोन वेगळ्या याद्या मनात धरल्या असतील तर त्या पुसून टाका. स्प्रिंगस्टीनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच कार्यशाळेतून आलेल्या आहेत. १९६५ ते १९६८ या काळात, शाळकरी वयात, तो न्यू जर्सीत कॅस्टील्स नावाच्या बँडमध्ये होता. शाळेचे नाच, पोरासोरांचे क्लब, जिथे बोलावतील तिथे जाऊन रेडिओवरची गाणी वाजवायची, हेच त्याचं शिक्षण. २०१६ साली आलेल्या 'चॅप्टर अँड व्हर्स' या संग्रहात या बँडची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. आवाज कच्चा आहे, पण एक गोष्ट स्पष्ट ऐकू येते: हा मुलगा गाणं पाठ करून म्हणत नाही, ते उघडून आत काय आहे ते पाहतोय. पुढे पन्नास-साठ वर्षं तो तेच करत आला. दुसऱ्याचं गाणं उघडायचं, त्यातलं जे हवं ते उचलायचं, त्यातून आपलं घडवायचं, आणि जे घडलं ते अल्बमात बसत नसेल तर निर्दयपणे बाजूला ठेवायचं.

हा निर्दयपणा समजून घ्यायला हवा, कारण त्याचा खण इतका भरला तो त्यामुळेच. १९७८ च्या 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन'वर फक्त १० गाणी आहेत. त्याच काळात ध्वनिमुद्रित झालेली आणखी वीसहून अधिक गाणी २०१० मध्ये 'द प्रॉमिस' या संग्रहात आली. ती ऐकताना लक्षात येतं की बाजूला ठेवलेली गाणी अजिबात कमअस्सल नाहीत. उलट त्यांतली काही फारच गोड आहेत, सोल आणि साठच्या दशकातल्या पॉपच्या चालीवर तरंगणारी. नेमक्या त्या गोडव्यानेच त्यांची वाट अडवली. त्याला त्या अल्बमला एकच कोरडा, ताणलेला सूर हवा होता.

मग ही गाणी गेली कुठे? काही दुसऱ्यांकडे. 'बिकॉज द नाइट' त्याच्याकडे अर्धवट होतं. निर्माता जिमी आयोव्हिनने ती टेप पॅटी स्मिथला दिली, तिने स्वतःचे अंतरे लिहिले आणि १९७८ मध्ये तिला तिचं सर्वात गाजलेलं गाणं मिळालं. 'फायर' त्याने एल्व्हिस प्रेस्लीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. एल्व्हिस १९७७ च्या ऑगस्टमध्ये गेला, आणि ते गाणं पॉइंटर सिस्टर्सनी अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. गंमत पाहा, आज स्प्रिंगस्टीन मंचावर 'बिकॉज द नाइट' वाजवतो तेव्हा समोरच्या निम्म्या लोकांना तो पॅटी स्मिथचं गाणं गातोय असं वाटत असणार. तो मात्र आपले जुने शब्द गातो आणि शेवटी बँडमधल्या निल्स लॉफग्रेनच्या गिटारला मोकळं रान देतो. स्वतःचंच गाणं कव्हर होऊन परत येतं, तेही असं.

काही गाणी नुसतीच पडून राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ च्या मार्चअखेरीस अपघात झाला, आणि काही दिवसांतच बँडने स्टुडिओत 'रूलेट' वाजवलं. केंद्राजवळ राहणाऱ्या, कुटुंबाला घेऊन पळू पाहणाऱ्या माणसाचं हे गाणं. ड्रमचा असा झपाटा त्याच्या फार थोड्या गाण्यांत आहे. ते बाहेर यायला १९८८ उजाडलं, आणि तेही एका सिंगलच्या मागच्या बाजूला.

आणि 'द प्रॉमिस' हे गाणं. याच्यापाशी जरा थांबतो, कारण माझ्या मते बाजूला पडलेल्या गाण्यांत हे सर्वात मोलाचं आहे. १९७६ मध्ये तो ते मैफलींत गाऊ लागला. तेव्हा त्याचा आपल्या व्यवस्थापकाशी कोर्टात वाद चालू होता आणि नवा अल्बम करायचा मार्ग अडला होता. ऐकणाऱ्यांनी गाण्याचा अर्थ त्या खटल्याला जोडला. पण गाणं त्याहून फार मोठं आहे. त्याच्याच आधीच्या 'थंडर रोड' गाण्यात जो तरुण गाडी काढून निघाला होता तो पुढे कुठे पोचला, त्याचा हा हिशेब आहे, आणि हिशेब तोट्याचा आहे. 'डार्कनेस'मधून त्याने ते वगळलं. १९९९ मध्ये एकट्याने पियानोवर बसून नव्याने मुद्रित केलं, ते '१८ ट्रॅक्स'वर आहे. २०१० च्या संग्रहात पूर्ण बँडचं रूप आहे. मला पियानोवालं जास्त भिडतं. पन्नाशीला टेकलेला माणूस विशीतल्या पराभवाकडे पाहतोय, आणि मध्ये आडोशाला एकही वाद्य नाही.

आता कव्हर गाण्यांकडे वळू.

'ट्रॅप्ड' हे जमैकाच्या जिमी क्लिफचं १९७२ चं गाणं. मूळ आधी ऐका. चाल हलती, चालती, माणूस तक्रार करतोय पण पाय थिरकताहेत. स्प्रिंगस्टीनने ते १९८१ च्या युरोप दौऱ्यात उचललं आणि त्याची लयच काढून घेतली. अंतरा जवळजवळ कुजबुजल्यासारखा, खाली कीबोर्डचा एकच लांबट सूर, बाकी सगळे दबा धरून. मग ध्रुवपदाला सगळा बँड एकदम कोसळतो. पुन्हा शांतता, पुन्हा कोसळणं. शब्द त्याच माणसाचे, पण आता ती तक्रार राहत नाही. कोंडलेला माणूस दाराला धडका देतोय असं वाटतं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या मेडोलँड्समध्ये मुद्रित केलेलं रूप १९८५ च्या 'वी आर द वर्ल्ड' या मदतनिधीच्या अल्बमात आहे. त्याच्या स्टुडिओ अल्बमांत शोधणाऱ्यांना ते सापडत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आम्ही हे गाणं बसवायचा प्रयत्न केला तेव्हा अडलो ते अंतऱ्यात. ध्रुवपद कुणालाही वाजवता येतं. अंतऱ्यात न वाजवता उभं राहायचं, हात तारांवर ठेवून गप्प राहायचं, ते सहा महिने जमलं नाही.

दुसरं उदाहरण अधिक खोल आहे. न्यूयॉर्कमध्ये सुइसाइड नावाची जोडी होती, ॲलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह. एक गाणारा, एक यंत्रं वाजवणारा. रॉकच्या मंचावर गिटारच नाही. त्यांचा कर्कश, एकसुरी आवाज त्या काळी अनेकांना सहन होत नसे. स्प्रिंगस्टीनला तो आवडला. १९८२ च्या जानेवारीत कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने 'नेब्रास्का' हा अल्बम मुद्रित करताना त्याने 'स्टेट ट्रूपर' गायलं. रात्रीचा रस्ता, गिटारचं तेच तेच ठोकणं, आणि शेवटाकडे अचानक फुटणारी किंकाळी. ती किंकाळी थेट सुइसाइडच्या गाण्यातून आलेली आहे. तेवीस वर्षांनी, २००५ च्या एकट्याच्या दौऱ्यात, त्याने त्यांचंच 'ड्रीम बेबी ड्रीम' पायपेटीसारख्या पंप ऑर्गनवर गायला सुरुवात केली, आणि कार्यक्रमाची सांगता तो त्यानेच करी. दोन-तीन ओळी, पुन्हा पुन्हा, भजनासारख्या चढत जाणाऱ्या. म्हणजे ऋण आधी स्वतःच्या गाण्यात उतरलं आणि मग कितीतरी वर्षांनी त्याने ते नाव घेऊन फेडलं. स्टुडिओतलं रूप २०१४ च्या 'हाय होप्स'वर आहे. ही तिन्ही मुद्रणं, म्हणजे सुइसाइडचं मूळ, 'स्टेट ट्रूपर' आणि ऑर्गनवरचं रूप, एका बैठकीत ऐकलीत तर 'दुसऱ्यांची का गातो' हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटणार नाही.

टॉम वेट्सच्या 'जर्सी गर्ल'मध्ये त्याने एक शब्द सौम्य केला आणि एक कडवं स्वतःचं घातलं. १९८१ मध्ये आपल्या न्यू जर्सीच्या लोकांपुढे गायलेलं ते रूप आज अनेकजण त्याचंच गाणं समजतात. वुडी गथ्रीचं 'धिस लँड इज युअर लँड' त्याने १९८० च्या अखेरीस गायलं तेही असंच. शाळेत मुलं ठणठणीत आवाजात म्हणतात ते गाणं त्याने इतकं संथ केलं की ते प्रश्नासारखं ऐकू येऊ लागलं. दोन्ही 'लाइव्ह १९७५–८५'मध्ये आहेत.

काही कव्हर मात्र प्रसंगाची असतात, आणि प्रसंग माहीत नसेल तर अर्धं गाणं हातातून निसटतं. १९ जुलै १९८८ ला तो पूर्व बर्लिनमध्ये वायसनझे इथे दीड लाखाच्या वर लोकांपुढे गायला. मध्येच जर्मनमध्ये छोटं निवेदन केलं. मी कुठल्या सरकारच्या बाजूने किंवा विरुद्ध आलेलो नाही, एक दिवस सगळे अडसर पडतील या आशेने वाजवायला आलोय, असा त्याचा आशय. निवेदनात आधी 'भिंती' हा शब्द होता, तो आयत्या वेळी बदलला. आणि लगेच पुढे बॉब डिलनचं 'चाइम्स ऑफ फ्रीडम'. कुणाला काय म्हणायचं होतं ते गाण्याने म्हटलं. याच वर्षी ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या 'ह्यूमन राइट्स नाऊ' दौऱ्यात तो, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन'दूर जगभर फिरले. ३० सप्टेंबरला हा ताफा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर होता, हे आपल्याकडे कितीतरी रॉकप्रेमींना ठाऊकच नसतं.

दुसरा प्रसंग न्यू ऑर्लिन्सचा. कतरिना वादळानंतर आठ महिन्यांनी, ३० एप्रिल २००६ ला, तो लोकगायक पीट सीगरने लोकप्रिय केलेली लोकगीतं घेऊन तिथल्या जॅझ महोत्सवात गेला. सोबत नेहमीचा ई स्ट्रीट बँड नव्हता. व्हायोलिन, बँजो, ॲकॉर्डियन, ट्रॉम्बोन असा भलाथोरला मेळा होता. ब्लाइंड आल्फ्रेड रीडचं १९२९ चं गरिबीवरचं एक गाणं त्याने घेतलं आणि बरीचशी कडवी बुडालेल्या शहरासाठी नव्याने लिहिली. शेवटी 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'. हे गाणं सगळे नाचत म्हणतात. त्याने ते प्रार्थनेच्या लयीत, फारशी न ऐकलेली कडवी घेऊन म्हटलं, आणि तेही त्या गाण्याच्याच गावात. तुम्ही यातलं एकच निवडणार असाल तर माझं मत या मैफलीला.

मृत्यूनंतरची गाणी वेगळी. २०१६ च्या जानेवारीत डेव्हिड बोवी गेला आणि आठवडाभरात पिट्सबर्गला त्याचं 'रेबेल रेबेल' झालं. बोवीने सत्तरच्या दशकात, स्प्रिंगस्टीनला फारसं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, त्याची दोन गाणी मुद्रित केली होती, म्हणून त्या सादरीकरणाला वजन आहे. प्रिन्स २१ एप्रिलला गेला, २३ ला ब्रुकलिनच्या कार्यक्रमाची सुरुवातच 'पर्पल रेन'ने झाली. तिथला निल्सचा सोलो गिटारवाल्यांनी जरूर ऐकावा. प्रिन्सची नक्कल करायचा मोह त्याने कटाक्षाने टाळलाय.

२०१४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात तो ज्या गावात जाई तिथलं गाणं उचली. ब्रिस्बेनला 'स्टेइंग अलाइव्ह' अकूस्टिक गिटारवर संथ सुरू होऊन भरत जातं, कारण बी जीज त्या परिसरात वाढले. ऑकलंडला तिथल्याच लॉर्ड या गायिकेचं 'रॉयल्स' एकट्याने. यातली काही नुसती सौजन्याची भेट वाटतात. 'स्टेइंग अलाइव्ह' मात्र खरोखर नवं घडलंय. डिस्कोच्या झगमगाटाखाली केवढी धास्ती दडली होती ते त्यात कळतं.

स्टुडिओतल्या कव्हर अल्बमांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २००६ चं 'वी शॅल ओव्हरकम' उत्तम, कारण सगळे एकाच घरात बसून, फारशी तालीम न करता वाजवताहेत आणि चुका तशाच ठेवल्यात. २०२२ च्या 'ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह'मध्ये १५ सोल गाणी आहेत आणि गळा अप्रतिम लागलाय. पण वाद्यमेळ मूळ गाण्यांच्या इतका आज्ञेत चालतो की त्याचा स्वतःचा हात दिसत नाही. प्रेम आहे, छेडछाड नाही. मला छेडछाड हवी असते.

आता कुठून मिळवायचं. दुर्मीळ गाण्यांसाठी आधी 'ट्रॅक्स' (१९९८, ६६ गाणी). त्यातलं 'थंडरक्रॅक' चुकवू नका. १९७३ मध्ये ते मैफलीचा शेवट करायचं, मुद्रण अपुरं राहिलं होतं, ते पंचवीस वर्षांनी आवाज भरून पूर्ण केलं. 'ट्रॅक्स २' (२०२५) मध्ये सात न प्रकाशित झालेले अल्बम आणि ८३ गाणी आहेत. तो सगळा एका दमात ऐकायचा हट्ट धरू नका. एक अल्बम घ्या, आठवडाभर त्याच्यासोबत राहा. 'नेब्रास्का'ची बँडसह केलेली मुद्रणंही २०२५ मध्ये बाहेर आली. ती मूळ अल्बमच्या शेजारी ठेवून ऐकली की त्याने एकट्याची कॅसेट का निवडली ते एका गाण्यातच समजतं.

मंचावरच्या गोष्टींसाठी १९७८ ची रेडिओ प्रक्षेपणं हा पाया धरा. लॉस एंजेलिसचं रॉक्सी (७ जुलै), क्लीव्हलँडचं अगोरा (९ ऑगस्ट), पॅसेइक (१९ सप्टेंबर), सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड (१५ डिसेंबर). पूर्वी ही चोरट्या तबकड्यांवर फिरत. २०१४ पासून त्याच्या अधिकृत संग्रहातून जुन्या मैफली नीट ध्वनिशुद्धीसह विकत मिळू लागल्या, तिथूनच घ्या. रॉक्सीची सुरुवात बडी हॉलीच्या 'रेव्ह ऑन'ने, अगोराची एडी कॉक्रनच्या 'समरटाइम ब्लूज'ने. त्या वर्षीच्या 'प्रूव्ह इट ऑल नाइट'पुढे पियानो आणि गिटारची लांब प्रस्तावना असे, जी अल्बमात नाही. 'बॅकस्ट्रीट्स'च्या मध्यात तो जे आयत्या वेळचं गुणगुणतो, त्यातले तुकडे पुढे १९८० च्या 'ड्राइव्ह ऑल नाइट'मध्ये सापडतील. कार्यशाळा म्हणतो ती हीच.

एक सावधगिरी. इंटरनेटवर त्याच्या नावाने फिरणाऱ्या फायलींवरची नावं, तारखा, ठिकाणं बऱ्याचदा चुकीची असतात. कुणा दुसऱ्याच घोगऱ्या गळ्याचं गाणंही त्याच्या खात्यावर टाकलेलं असतं. अधिकृत नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय 'सापडलं' म्हणू नका.

शेवटचं, आणि हे पाहायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही. १९७३ मध्ये मेरीलँडला चक बेरीच्या मागे साथ करायला स्प्रिंगस्टीनचा बँड होता. बेरी कार्यक्रमाच्या तोंडावर एकटाच गिटारची पेटी घेऊन आला. कोणती गाणी, कोणती पट्टी, काही सांगितलं नाही, आणि गिटारवाल्यांना गैरसोयीच्या पट्टीत सुरू झाला. पोरं धावत राहिली. चाळीस वर्षांनी, ७ जुलै २०१३ ला, लाइपझिगच्या गर्दीत कुणीतरी चक बेरीच्याच 'यू नेव्हर कॅन टेल'ची पाटी उंचावली. स्प्रिंगस्टीनने ती मंचावर आणली. चित्रफीत अधिकृतपणे उपलब्ध आहे. पहिली दोनेक मिनिटं गाणं सुरूच होत नाही. हजारो लोकांसमोर तो गळ्यातून पट्टी शोधतोय, एक सोडतोय, दुसरी धरतोय, तोंडानेच फुंकवाद्यांची ओळ म्हणून दाखवतोय, आणि फुंकवादक डोकी एकत्र करून ती आपसात वाटून घेताहेत. या वेळी पट्टी मात्र सगळ्यांना सांगितली जाते. तुम्ही वाजवत असाल तर त्या मिनिटांत त्याच्याकडे पाहू नका, मागे कोपऱ्यात ट्रॉम्बोन धरून उभ्या माणसाकडे पाहा.